ताईची डावी बाजू

माझ्या थोरल्या बहिणीचा समोरून काढलेला एकही फोटो नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण माझी सांगायची पद्धत अशी की मूळ मुद्दा वाटेतच कुठेतरी उतरून जातो आणि मी आपला पुढच्या गावाला पोचतो. घरात म्हणतात, यांच्याकडे पाणी मागितलं तर विहीर कुणी खणली तिथून सुरुवात करतात. खणली असेल कुणीतरी, आणि त्याचीही काहीतरी गंमत असेलच की. पण ते राहू दे.

तर ताई. तिला सगळेच ताई म्हणतात. मी, माझी बायको, मुलं, नातवंडं, दूधवालासुद्धा. तिच्या डाव्या गालावर कोड आहे. शाळा सुटायच्या वयात डोळ्याखाली एक बारीक पांढरा ठिपका आला आणि बघता बघता कानापासून हनुवटीपर्यंत पसरला. दुखत नाही, खुपत नाही. त्यावरून ताई कधी रडल्याचं मला आठवत नाही. तिनं फक्त ठरवून टाकलं, की यापुढे जगाला उजवी बाजू दाखवायची. आणि ताईनं ठरवलं की ठरवलं. खोलीत शिरली की ती बरोबर अशी खुर्ची पकडायची की डावीकडे भिंत येईल. रस्त्यानं चालताना मला डावीकडे घ्यायची. लहान भावानं डावीकडूनच चालायचं असतं, असा माझा पुढे कित्येक वर्षं पक्का समज होता. लग्नानंतर मी बायकोच्याही डावीकडूनच चालायला लागलो. तिनं एकदा कारण विचारलं, आणि सांगायला तोंड उघडलं तेव्हा कुठे ते माझ्या डोक्यात शिरलं. इतका मी हुशार.

नोकरीही तिनं तशीच शोधली. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर. कानाला यंत्र लावायचं, सगळ्या जगाकडे पाठ करून बसायचं, आणि भोकांत वायरी खुपसून याची गाठ त्याच्याशी घालून द्यायची. सगळा परिसर तिचा आवाज ओळखायचा, चेहरा कुणाला ठाऊक नाही. भल्याभल्यांना ती तारेवरून दटावायची, की हळू बोला, ही तार तुमच्या एकट्याची नाही. दुकानात तिनं नुसता भाव विचारला तरी आजूबाजूची माणसं सावरून उभी राहायची. मेहुणे लाइनमन होते. खांबावर चढले की तार तपासायला ताईकडे लाइन मागायचे. मग हळूहळू न बिघडलेल्या ताराही तपासायला लागले. त्यांचं लग्न खांबावरच ठरलं म्हणायला हरकत नाही. लग्नाच्या फोटोत ताई कॅमेऱ्याकडे न बघता नवऱ्याकडे बघते आहे. बघणारे म्हणतात, काय प्रेम आहे बघा. प्रेम होतंच, पण मेहुणे तिच्या डावीकडे उभे होते आणि फोटोग्राफर समोर. बाकीच्या फोटोंत ती कुणाचं तरी बाळ तोंडापुढे धरून उभी आहे, नाहीतर चहाचं बघायला आत गेलेली आहे.

मेहुणे गेल्यापासून ती आमच्या माडीवरच्या खोलीत राहते. राहत होती, म्हणायला पाहिजे. तेच सांगतोय.

आता माझ्याकडे येतो. मी जन्मभर भिंती रंगवल्या. शिक्षण गावच्या शाळेत, सातवीपर्यंत, आणि तेही घोकून. चित्रकलेच्या तासाला आम्हाला वर्षभर एकच तांब्या होता. मी काढलेला तांब्या बघून गुरुजींनी विचारलं होतं, "हे कोण?" त्यांनी 'काय' विचारलं नाही, 'कोण' विचारलं. म्हणजे माणसाचं चित्र काढण्याचा गुण माझ्यात तेव्हापासून होता, असं मी हल्ली सांगत फिरतो.

गुडघ्यांनी संप पुकारला आणि डॉक्टरनं माझी शिडी बंद केली. माणूस निवृत्त होतो, हात होत नाही. मी घरातली दारं रंगवली, खिडक्यांचे गज रंगवले, शिवणयंत्राचा पाय रंगवला. मग स्वयंपाकघरातले सगळे डबे एकाच हिरव्या रंगानं रंगवले. त्या दिवशी आमच्या हिनं भाजीत मिठाऐवजी साखर घातली आणि मला समोर बसवून म्हणाली, की एकतर तुम्ही कुठेतरी जायला लागा, नाहीतर मी जाते. दुपारी मला डुलकी लागली तर मलाही ऑइलपेंट माराल तुम्ही.

वाचनालयाच्या माडीवर जलरंगाचा वर्ग निघाला होता. माणसांचे चेहरे शिकवणार होते. मला वाटलं, रंग तो रंग. जन्म त्यात घालवला. चार दिवसांत बाकीच्यांना मीच शिकवीन.

शिकवणाऱ्या बाई माझ्या धाकट्या मुलीहून लहान. आवाज मऊ, पण ऐकून घेणार नाहीत. त्यांची शिकवायची रीत अशी, की जिवंत माणसाकडे वळण्याआधी एका जुन्या चित्राची नक्कल करायची. पुन्हा पुन्हा, हात बसेपर्यंत. जुन्या चित्रकारानं सुरुवात कुठे केली ते सोडा, तो थांबला कुठे ते बघा, असं त्या म्हणायच्या. हे वाक्य मी मान हलवून ऐकलं. कळलं काडीचंही नाही.

ते चित्र जवळच्याच संग्रहालयाच्या अगदी मागच्या दालनात होतं. उजेडानं रंग उडतात म्हणून तिथं दिवाही बेताचाच. कुण्या जुन्या बड्या घरातली किल्ल्या सांभाळणारी बाई. पाटीवर नाव नाही, नुसतं 'अज्ञात स्त्री'. आम्ही तिला किल्लीवाली म्हणायचो. डोक्यावर पांढरं वस्त्र, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, मान जराशी वळलेली, उजवा गाल उजेडात. आणि नजर अशी, की आपणच काहीतरी खिशात घातलंय असं वाटावं. संग्रहालय बंद असायच्या वारी आम्हाला आत बसू देत. पाण्याचा डबा झाकणाचा हवा, आणि शिंक आली तर बाहेर जाऊन द्यायची, एवढ्या दोनच अटी. पहारेकरी डोळ्यात तेल घालून आमच्या नाकांवर लक्ष ठेवायचा.

पहिल्या दिवशी बाईंनी जाडसर कागद दिला आणि म्हणाल्या, घरी जाऊन कागदाची ओळख करून घ्या. मी करून घेतली. कोऱ्या भिंतीवर रंग मारायचा नसतो, हे आमच्या धंद्यात सगळ्यात आधी शिकवतात. मी कागदाला लांबी, म्हणजे पुट्टी, भरली. सुकल्यावर पॉलिश पेपरनं घासली. वरून प्रायमरचा एक हात दिला. कागद असा झाला की त्यात तोंड दिसावं. दुसऱ्या आठवड्यात मोठ्या ऐटीत त्यावर पातळ तांबूस रंग लावला. तो क्षणभर थांबला, जणू विचार करत होता, आणि मग घरंगळत टेबलावरून शेजारच्या दातांच्या डॉक्टरांच्या बुटात उतरला. बाईंनी कागद उचलला, बोटानं वाजवून पाहिला. दारासारखा ठक ठक वाजला. बाजूला जाऊन, आमच्याकडे पाठ करून थोडा वेळ उभ्या राहिल्या. खांदे हलत होते.

दातांचे डॉक्टर माझ्यासारखेच निवृत्त. त्यांच्या किल्लीवालीनं तोंड गच्च मिटलेलं असायचं, तरी आत सगळे दात शाबूत आहेत हे बघणाऱ्याला कळायचं. मी त्यांना हसायचो, ते मला हसायचे. अशी आमची प्रगती चालली होती.

माझी दुसरी खोड अशी की मी वरून खाली यायचो. भिंत वरूनच घ्यायची असते, नाहीतर ओघळ येतात. त्यामुळे कपाळ ऐसपैस, डोळे बरे, नाक दाटीवाटीनं, आणि हनुवटीला कागदच उरायचा नाही. तिसरी खोड दोन हात मारायची. जलरंगात एक हात मारला की आपला हात काढून घ्यायचा असतो. मी दुसरा मारायचो, मग दुसरा पहिल्याशी जुळावा म्हणून तिसरा. किल्लीवाली गंजलेल्या पत्र्यासारखी दिसायला लागायची.

पण सगळ्यात नाकी नऊ आणले ते पांढऱ्यानं. जलरंगाच्या पेटीत पांढरा रंग आम्हाला ठेवूच दिला नव्हता. जिथं पांढरं हवं तिथं कागद तसाच सोडायचा. आता मला सांगा, ज्या माणसाला बोटभर जागा सुटली म्हणून मुकादमाच्या शिव्या खायला लागल्या, सोडवलेली परांची पुन्हा बांधून वर चढायला लागलं, त्याला तुम्ही म्हणता की सोडा. डोक्यावरचं वस्त्र कोरं दिसलं की माझा हात आपोआप तिकडे निघायचा. बाई मागून येऊन मनगट धरायच्या आणि म्हणायच्या, "आजोबा, इथं काहीच करायचं नाही." काहीच न करण्याचा मला अनुभव नव्हता. घरी हिला सांगितलं, तर ती म्हणाली, लग्नापासून घरकामात तो तुम्हाला भरपूर आहे.

एक गोष्ट मात्र मला पहिल्यापासून झकास जमली. किल्लीवालीच्या उजव्या जबड्यावर एक तपकिरी डाग होता. मधे फिकट, कडेला गडद, बाहेर जाताना जरासा झिरपलेला. तो मी असा उठवायचो की बाई इतरांना बोलावून दाखवायच्या. कडा बघा, म्हणायच्या, पाणी कसं सुकू दिलंय बघा. मी मान खाली घालून घ्यायचो. मला वाटत होतं ती जन्मखूण आहे. शेवटी एकदा पहारेकरीच जवळ आला आणि खासगीत म्हणाला, "आजोबा, ती खूण नाही. मागं एकदा छत गळलं होतं." म्हणजे इतके दिवस ज्या एका गोष्टीसाठी माझं कौतुक चाललं होतं, ती गळक्या छताची ओल होती. जन्मभर ओल बघितली, ओलीवर पोट भरलं, आणि चित्रकलेत शिरलो तर हात बसला तो ओलीवर. बाईंनाही ते ठाऊक होतं म्हणे. म्हणाल्या, तेवढंच तुम्ही मन लावून काढत होता, म्हणून बोलले नाही.

याच सुमारास ताईचं जायचं ठरलं. माझी भाची, ताईची एकुलती एक लेक, लांबच्या शहरात घर घेऊन स्थिरावली होती. शाळांना सुट्टी लागली की येऊन आईला कायमची घेऊन जाणार. ताईलाही जायचं होतं. लेकीकडे जाऊ नये तर कुठे जावं. मी सगळ्यांना सांगत होतो की फार छान झालं. आणि मग एका सकाळी दाढी करताना मनात आलं, की ही गेली की माझ्याजवळ तिचं राहणार काय, तर तो लग्नाचा फोटो. नवऱ्याकडे बघणारी एक अर्धी बाई.

मी नातवाचा मोबाइल घेऊन वर गेलो. मी मोबाइल पुढे केला, तिनं उशी पुढे केली. मी अजिजी केली, रुसून पाहिलं, शेवटी नाद सोडून खाली आलो.

आठवड्याभरानं तीच खाली आली. जेवणाच्या टेबलावर माझ्या किल्लीवाल्या वाळत पडल्या होत्या, एकीपेक्षा दुसरी वाईट. ताईनं एकेक उचलून पाहिली.

"एवढी मेहनत या परक्या बाईवर?"

मी म्हटलं, शिकतोय.

"मग माझं काढशील?"

मी म्हटलं, आणि त्या दिवशीची उशी? ती म्हणाली, "कॅमेऱ्याला सांगता येत नाही, तिकडे बघू नकोस म्हणून. तुला सांगता येतं." आणि मग तारेवर नंबर सांगावा तशा तिनं अटी सांगितल्या. उजवीकडून काढायचं. ती एकदाच बसेल. आणि आवडलं नाही तर फाडून टाकेल.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. हवं ते मिळत होतं, पण एकाच बैठकीत, आणि काढणार कोण, तर मी. जमलं नाही तर ताई जाणार, कागद कचऱ्यात जाणार, आणि पुन्हा ती कुणासमोर बसणार नाही हे सांगायला नको.

बाईंना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, की आता किल्लीवाली सोडा. घरच्यांना समोर बसवा, जिवंत चेहरे काढा, चुका करा. किती सरळ सल्ला. पण मी गावच्या शाळेतला. आमच्याकडे परीक्षा आली की घोकायचं. मी हिशेब केला, की किल्लीवालीचा उजवा गाल उजेडात, ताईचाही उजवाच दाखवायचा, मान तेवढीच वळलेली. मग हेच पाठ केलं तर त्या दिवशी हात अडायचा नाही. मी पाढे म्हणावेत तशी किल्लीवाली घोकायला लागलो. सकाळी एक, संध्याकाळी एक. वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात, औषधाच्या खोक्यावर, वाण्याच्या पिशवीवर. डोळे मिटून काढता यायला लागली. ही म्हणायची, या वयात घरात दुसरी बाई आणलीत, आणि तीही सारखी माझ्याकडेच बघते.

भाची यायच्या आदल्या आठवड्यात ताई बसली. तिच्या खोलीत दोन ट्रंका उघड्या होत्या, निम्म्या भरलेल्या. तिनं केस विंचरले होते, नवे कपडे घातले होते, आणि खिडकीजवळ खुर्ची अशी लावली होती की डावा गाल थेट भिंतीकडे. मी समोर फळी मांडीवर घेऊन बसलो. ब्रश टेकला मात्र आणि काय सांगू. असा हात मी जन्मात चालवला नव्हता. कपाळ एका पाण्यात. सोडायची तिथं जागा सोडली. नाकाची सावली एका झटक्यात, आणि थांबलो. हनुवटीला कागद उरला. दुसरा हात मारायची इच्छासुद्धा झाली नाही. ताई दगडासारखी स्थिर. हिनं ठेवलेला चहा निवायच्या आत चित्र पुरं. मी मनातल्या मनात ते संग्रहालयात टांगूनही टाकलं.

तिथंच उभ्या असलेल्या हिला आधी दाखवलं. तिनं चष्मा लावला, बराच वेळ पाहिलं, आणि म्हणाली, "सुरेख झालंय. पण किल्ल्या विसरलात."

मला कळेना. मग मी कागद हातभर लांब धरून पाहिला, आणि ती माझ्याकडे बघत होती. किल्लीवाली. तेच नाक, तीच भिवई, तोच संशय. ताईचं म्हणावं असं त्या चेहऱ्यात काही असेल तर कपड्यांचा रंग. समोर माझी सख्खी बहीण बसली होती आणि मी एकदाही मान वर करून बघितलं नव्हतं. पाठ होतं ना.

मी कागद पाठीमागे लपवला. ताईनं हात पुढे केला. तिच्या हात पुढे करण्यापुढे आमच्या घरात कुणाचं काही चालत नाही. तिनं चित्र घेतलं, उजेडात धरलं, आणि बोट ठेवून विचारलं, "हे काय?"

उजव्या जबड्यावर तपकिरी डाग होता. मधे फिकट, कडेला गडद, बाहेर जाताना जरासा झिरपलेला. सगळ्या चित्रात सगळ्यात सुंदर जमलेला.

मी सांगायला लागलो. संग्रहालय, छत, पहारेकरी, ओल. जितकं सांगत गेलो तितकं ते जास्त वेड्यासारखं वाटायला लागलं. ही तोंडाला पदर लावून खिडकीबाहेर बघत होती. ताईची बोटं कागदाच्या वरच्या कडेवर होती, दोन्ही हातांची, फाडायला धरतात तशी.

"सगळा जन्म मी एक बाजू जपली," ती म्हणाली. "आणि तू नेमकी तिलाच ओल आणलीस."

आणि ती हसायला लागली. ताईला मी हसताना पाहिलं नाही असं नाही, पण ते ऑपरेटरचं हसू, तारेवर ऐकू जाणार नाही असं. हे तसं नव्हतं. ती खुर्चीचा हात धरून हसली, डोळे पुसून पुन्हा कागद बघितला आणि पुन्हा हसली. ही तर ट्रंकेवरच बसली. मी एकटाच हातात पाण्याचा डबा घेऊन उभा. खरं सांगतो, माझा जीव त्या कागदात अडकला होता. हसून झालं की ती तो फाडणार, आणि मग संपलं, एवढंच डोक्यात.

तिनं फाडला. नीट, मधोमध, आणि दोन्ही तुकडे माझ्या हातात दिले. मग उठली. खुर्ची उचलली, भिंतीपासून ओढली, फिरवली, आणि खिडकीचा उजेड सरळ डाव्या गालावर येईल अशी ठेवून बसली.

"बस खाली, धाकट्या. काढायचाच तर निदान माझ्या घरचा डाग काढ."

हिनं हसणं थांबवलं आणि हळूच जिना उतरून गेली.

ही बाजू मला पाठ नव्हती. लहानपणापासून रोज बघितलेली, पण काढायला बसलो तेव्हा कळलं की बघितली नव्हती. पांढरं सलग नाही. कानाजवळ त्याला फाटे फुटलेत. डोळ्याखाली मधेच गव्हाळ कातडीचं एक लांबट बेट राहिलंय, आणि त्या बेटावर एक बारीकसा तीळ आहे. मी मान वर करायचो, एवढंसं बघायचो, एवढंसं काढायचो, पुन्हा मान वर. ओला रंग पांढऱ्यात पसरू नये म्हणून तो सुकेपर्यंत थांबायचो. थांबण्यात निम्मी सकाळ गेली. एकदा सवयीनं हात त्या कोऱ्या जागेकडे निघाला. मनगट धरायला बाई नव्हत्या, म्हणून मीच डाव्या हातानं उजवा धरला. ताईनं विचारलं, हे कुठलं आसन?

बसल्या बसल्या ती एक्स्चेंजच्या गोष्टी सांगत होती. एका म्हाताऱ्याला रोज संध्याकाळी आपल्याच घरचा नंबर हवा असायचा. घरी कुणी नसायचं, हे तिलाही ठाऊक होतं आणि त्यालाही. ती तरी रोज लाइन जोडून द्यायची, घंटी वाजू द्यायची, आणि मग स्वतःच म्हणायची, कुणी उचलत नाही हो, उद्या बघू. बोलताना तिचा गाल हलायचा आणि माझं चुकायचं. पण गप्प बस म्हणायची माझी छाती झाली नाही, आणि मला ऐकायचंही होतं.

झालं तेव्हा चित्र सुंदर नव्हतं, हे मी स्वतःच सांगतो. कान खाली आला. मान बगळ्याची. एक डोळा माझ्याकडे तर दुसरा खालच्या दूधवाल्याकडे. पण ती दुसरी तिसरी कुणी नव्हती. आंधळ्यानंही सांगितलं असतं.

ताईनं ते खिडकीशी नेलं. बराच वेळ माझ्याकडे पाठ करून बघत होती. मी ब्रश धुतले, पुन्हा धुतले, स्वच्छ ब्रश तिसऱ्यांदा धुतले.

"कान खाली आलाय," ती म्हणाली.

मी म्हटलं, हो.

"गाल असाच दिसतो?"

मी म्हटलं, जवळपास. तीळ जरा मोठा झालाय.

तिनं बोट कागदाजवळ नेलं, पण टेकवलं नाही. रंग ओला असेल म्हणून असेल. मग म्हणाली, की हे मी घेऊन जाणार. लेकीनंही कधी नीट पाहिलेलं नाही, तिच्या भिंतीवर लावीन.

आता बघा माझी अवस्था. ती फाडेल याची भीती होती, ती नेईल हे मनातसुद्धा आलं नव्हतं. मी लहान पोरासारखा भांडायला लागलो. म्हटलं, हे माझ्यासाठी काढलं, तू चाललीस म्हणून काढलं, मग मला काय राहिलं? ताईनं ऐकून घेतलं. चित्र सुकलं तसं दोन उशांच्या अभ्र्यांमध्ये घालून तिनं ते ट्रंकेत सपाट ठेवलं, वर कपडे रचले, आणि कडी लावली. मी खाली आलो आणि हिच्यापाशी कुरकुर केली. ती म्हणाली, तुमच्या चित्राला पहिल्यांदा गिऱ्हाईक मिळालं, तर तुम्ही रडताय.

दुसऱ्या दिवशी चहा संपायच्या आत वरून खुर्ची सरकवल्याचा आवाज आला, आणि मग सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी हाक. अरे, येतोस का, ऊन पुढे सरकतंय.

मी पेटी आणि डबा सांभाळत वर गेलो. ताई बसली होती, खिडकीकडे तोंड करून, कालच्याच जागी. केस विंचरलेले नव्हते, अंगावर घरातलेच कपडे होते.

"एकदाच बसेन म्हणाली होतीस," मी म्हटलं.

"ते माझ्यासाठी. हे तुझ्यासाठी." तिनं मान जराशी वळवली, डावा गाल उजेडात घेतला. "आटप आता. मला दुसरी ट्रंक भरायचीय."